कडकडीत वाळलेला कागद

कडकडीत वाळलेला कागद बोटांत धरून जरा हलवला की बोलतो. पापड मोडताना होतो तसा तो आवाज, पण त्याहून बारीक. दूर कुठे तुराट्या पेटल्या असाव्यात तसा. त्या उन्हाळ्यात जळगावच्या आमच्या गच्चीवरच्या खोलीत मी तो आवाज रोज ऐकत होते, आणि ऐकला की माझा जीव निवत असे. दाराबाहेर जुन्या लुगड्यांवर ज्वारीचे बिबडे वाळत, कुरडया वाळत, मिरच्यांचा ठसका पायऱ्यांपर्यंत उतरे. जे टिकायला हवं ते आधी कडक वाळायला हवं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते माझ्या हातांतच होतं. दाराच्या आत, मंद पिवळ्या दिव्याखाली, दोरीला चिमटे लावून मी माझे कागदही त्याच श्रद्धेने वाळवत होते. पत्र्याचं छप्पर तापून खोलीची भट्टी होई. तेवढ्याने समाधान न होऊन मी केस वाळवायचं यंत्रही कागदांवरून फिरवी.

त्या कागदांवर मला अक्कांचा चेहरा उमटवायचा होता.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. अमळनेरच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, त्यांचं गाव. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, आम्ही सगळे तिथे जमलो होतो. ओट्यावरच्या भिंतीवर माझ्या सासऱ्यांचा, आबांचा, मोठा केलेला फोटो आहे. आबा गेले तेव्हा घाईघाईत कुठल्याशा ओळखपत्रावरचा फोटो स्टुडिओत दिला होता, आणि स्टुडिओवाल्याने आपल्या मनाने त्यांच्या अंगात कोट चढवला, गळ्यात टायही बांधला. जन्मभर सदरा आणि टोपीत वावरलेला माणूस तेव्हापासून भिंतीवर कोट घालून घाबरलेल्या डोळ्यांनी बसला आहे. अक्का त्या फोटोला हार घालतात, पण त्याच्याकडे बघत नाहीत.

त्या आखाजीला आमरसाची पातेली घासून झाल्यावर त्या म्हणाल्या, “मी गऊ म्हंजे भितवर जो फोटू लावशात, तो माले आते दखाडा. मना अंगमा कोट नको.”

आपल्या माघारी लागणारा फोटो त्या आत्ताच मागत होत्या. सगळे हसले. माझे यजमान म्हणाले, “अक्का, तुला कोट नाही घालणार, पँट घालू.”

“तू गप बस,” अक्का म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. “मोठी, तू ते काय करस ना, कागदवर. ते कर.”

मोठी, तू कर. मी लग्न होऊन त्या घरात आले त्याला इतकी वर्षं झाली, पण अक्कांनी माझ्यापाशी काही मागितलं, असं मला आठवत नव्हतं. मी तेव्हाच मनाशी ठरवलं की त्या भिंतीवर माझ्या हातचं चित्र लागेल. दुसऱ्या कुणाच्या नाही. मी कॉलेजात कविता शिकवते. शब्दांवर माझं पोट भरलं, पण शब्द काही भिंतीवर टांगता येत नाहीत. अंगणातल्या बाजेवर बसवून मी त्यांचा फोटो काढला आणि पारदर्शक फिल्मवर चित्राएवढीच मोठी निगेटिव्ह करवून घेतली.

ही छपाई जुनी आहे. लोखंडाचा एक क्षार आणि प्लॅटिनमचा किंवा पॅलेडियमचा क्षार थेंबाथेंबाने एकत्र करायचा, तो पिवळा लेप कुंचल्याने जाड कागदावर पसरायचा, वाळवायचा, वर निगेटिव्ह ठेवून काचेखाली दाबायची आणि अतिनील प्रकाश द्यायचा. मग कागद तबकात ठेवून त्यावर डेव्हलपर ओतला की एका क्षणात चित्र उमटतं. ही चित्रं माणसापेक्षा जास्त जगतात, कारण त्यांतली सावली धातूची असते. प्लॅटिनम आणि पॅलेडियम या मला नेहमी जावा-जावा वाटत आल्या आहेत. थोरली थंड, करड्या रंगाची, हट्टी. धाकटी उबदार, तपकिरी, चटकन खुलणारी. मी दोन्ही वापरून पाहिल्या, आणि माझ्या हाताला धाकटीच बरी म्हणून पॅलेडियमवर स्थिरावले.

खऱ्या धाकटीबद्दल मात्र मला असं म्हणता येणार नाही. माझी धाकटी जाऊ धुळ्याला असते, देवपुरात; शाळेत भूगोल शिकवते. हा नाद तिला मीच लावला. दिवाळीत ती आली असताना मी तिच्यापुढे डेव्हलपर ओतला, एक चित्र जागं झालं आणि तिने माझा दंड घट्ट धरला. मला तेव्हा किती छान वाटलं होतं. मग मी तिला कुंचला धरायला शिकवलं, माझ्या पेटीसारखीच अतिनील प्रकाशाच्या नळ्यांची पेटी माझ्याच इलेक्ट्रिशियनकडून करवून दिली, कागद दिला, आणि आखाजीनंतर अक्कांच्या निगेटिव्हची दुसरी प्रतही दिली. “तूही करून बघ,” असं म्हणाले. असं म्हणणाऱ्या माणसाला दुसऱ्याने खरोखर करून बघावं असं क्वचितच वाटत असतं.

माझं चित्र फिकट येत होतं.

अक्कांच्या डोक्यावरच्या पदराखालची सावली, बाजेखालचा अंधार, डोळ्यांतली बुबुळं, सगळं राखेसारखं. जणू काळा रंग कागदापर्यंत यायला निघाला आणि वाटेत कुणी त्याला परत बोलावलं. मी प्रकाशाचा वेळ वाढवला. अंधार तसाच राहिला. उलट लुगड्याचा उजळ भाग मळला. वेळ दुप्पट केला. लुगडं आणखी मळलं, अंधार जागचा हलला नाही. पुठ्ठा थोडा थोडा सरकवत एकाच कागदावर वेळेच्या पट्ट्या पाडल्या. त्या सगळ्या पट्ट्या उन्हात विटलेल्या एकाच साडीच्या घड्या दिसत होत्या. धातूचे थेंब वाढवले. नवा कागद आणला. मग विजेवर संशय घेतला. दीपनगरचं वीजकेंद्र इतकं जवळ, आणि आमच्याकडे दुपारी पंखासुद्धा दमल्यासारखा फिरतो. नळ्यांना दाब पुरत नसेल, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. जे कागद बिघडले ते अधिक वाळवावेत असं मला वाटे. ओलावा हा चोर आहे, तो कुठून तरी आत शिरतो आहे, अशी माझी खात्री होती. भर मे महिन्यात, जळगावात, ओलावा.

आणि त्याच दिवसांत एका संध्याकाळी यजमान मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आले. “घरच्या ग्रुपवर बघ. धाकटीने अक्कांचा फोटो टाकलाय.”

मी कणीक मळत होते. “हात भरलेत.”

“मी धरतो ना. बघ तर. काय काळा आलाय! पदराची वीण मोजता येते.”

मी पाहिलं. माझं माहेर रावेरकडचं, केळीच्या पट्ट्यातलं. केळीचा चीक कपड्याला लागला तर आधी दिसत नाही, मग तपकिरी होत होत जन्माचा होतो. तिच्या चित्रातल्या सावल्या त्या डागासारख्या होत्या, खोल आणि उबदार, न निघणाऱ्या. त्यातून अक्का माझ्याकडे पाहत होत्या. माझीच निगेटिव्ह, मी निवडलेला प्रकाश, मी शोधलेली ती मान किंचित वळण्याची वेळ, आणि हे सगळं तिच्या हाती पूर्ण झालं होतं.

“मोबाइलवर सगळंच काळं दिसतं,” मी म्हणाले.

यजमान मोबाइल खाली घेत म्हणाले, “तुझंही टाक की मग.”

रात्री तिचाच फोन आला. “ताई, बघितलंत? मला तर भीतीच वाटली. जास्तच काळं झालं का हो?”

तिला तो दोष वाटत होता. मी ज्यासाठी महिनाभर पत्र्याखाली भाजून निघाले, ते तिला जास्त झाल्यासारखं वाटत होतं.

“वेळ किती देतेस?” मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“तुम्ही सांगितला तेवढाच. मी कुठे काय बदलते? मला कळतं का त्यातलं?”

माझा विश्वास बसला नाही. ती काहीतरी झाकते आहे, असं मी धरून चालले. एखादा थेंब, एखादं द्रावण, इंटरनेटवर वाचलेली एखादी युक्ती. त्या आठवड्यात मी पुढच्या सत्रासाठी विरहाच्या कवितेची टिपणं काढत होते आणि मनात तिच्या कपाटाच्या फळ्या चाचपत होते. मत्सराला चव असते. तुरटी जिभेवर ठेवल्यासारखी. पाणी प्यालं तरी ती जात नाही, आणि जेवणाची चव मात्र तिच्यामुळे बिघडते.

धुळ्याला यजमानांच्या मित्राकडे लग्न होतं. एरवी मी असल्या लग्नांना जायचं टाळते. या वेळी मी आधी तयार होऊन बसले. पिशवीत निगेटिव्ह घेतली, लेप लावून वाळवलेले काही कागद काळ्या पिशवीत घेतले, आणि माझं त्यातल्या त्यात बरं असलेलं फिकट चित्रही घेतलं. शेजारी शेजारी ठेवून काय चुकतं ते शोधू, असं मी तिला सांगितलं. पारोळं मागे पडलं. पुढे यजमान म्हणाले, “लग्नाला चाललो आहोत ना? तुझा चेहरा झडतीला निघालेल्या फौजदारासारखा आहे.”

तिच्या घराचं दार उघडलं आणि ओल्या गवताचा वास अंगावर आला. मागच्या खोलीच्या खिडकीत मोठा कूलर होता, त्याच्या तिन्ही बाजूंच्या वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी ठिबकत होतं आणि खोलीभर गार, जड, हिरवट वारा फिरत होता. त्या घरात शटर नीट लागणारी ती एकच खोली. म्हणून दुपारी माझे दीर तिथे झोपत आणि ते उठून गेले की ती तिथे छापत असे. कूलरच्या थेट समोर दोरी होती. दोरीवर तिचे लेप लावलेले कागद डोलत होते.

“बाई गं,” मी म्हणाले, “हे काय, ओल्या वाऱ्यात?”

“मग कुठे लावू? बाहेर उजेड आहे.”

मी एक कागद काढून बोटांत धरला आणि हलवला. माझ्या बोटांनी आवाजाची वाट पाहिली. आवाज आला नाही. कागद पोळ्यांच्या डब्यातल्या फडक्यासारखा मऊ होता, गालाला लावला तर गार. ओला नव्हता, पण त्याच्यात पाणी होतं. झोपलेल्या माणसाच्या अंगात ऊब असते तसं.

“हा वाळलाच नाहीये.”

“वाळलाय हो, ताई. हात बघा, लागतंय का काही?”

हाताला काही लागलं नाही. तिने तोच कागद घेतला, निगेटिव्ह ठेवली, काच दाबली, पेटी लावली. मी सांगितलेला वेळ झाला तेव्हा पेटी बंद केली. माझ्या डोळ्यांदेखत, काही न लपवता. मग डेव्हलपर ओतला, आणि तबकात अक्का आल्या. कपाशीची काळी जमीन नांगराच्या फाळाने उलटते तशी सावली एका दमात वर आली.

त्यानंतर मी जळगावहून आणलेला कडक कागद तिच्याच पेटीत, तेवढाच वेळ ठेवला. फिकट. दाब तोच, नळ्या त्याच, डेव्हलपर तोच, आणि अक्का पुन्हा राखेच्या. मी उरलेल्यांपैकी एक कागद काढला, दोरीला लावला आणि कूलरसमोर बसून राहिले. दीर दोनदा डोकावून गेले. “वहिनी, मला झोपायचंय, तुम्ही कागद झोपवताय,” असं म्हणून ते बाहेरच्या सोफ्यावर आडवे झाले. हळूहळू कागदाचा आवाज विझत गेला. तो अगदी मुका झाला तेव्हा मी त्यावर छापलं, आणि तीच काळी जमीन माझ्याही तबकात उलटली.

लोखंडाच्या क्षाराला काम करायला थोडं पाणी लागतं. हवेतलं, कागदात मुरलेलं. ते नसेल तर प्रकाश येतो, दार ठोठावतो आणि निघून जातो. मी वेळ वाढवत होते. पण जे मी मागत होते ते वेळेच्या हाती नव्हतंच. उन्हाळ्यात इतकं सगळं वाळवणाऱ्या प्रदेशात राहून मी माझं चित्रही वाळवून टाकलं होतं.

मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही, क्षणभर, आणि त्या हलकेपणातूनच शब्द निघून गेले. “म्हणजे तुझं काही नाही यात. सगळं कूलरचं आहे.”

ती तबक हलवत होती. थांबली नाही. “मग त्यालाच जाऊ म्हणा. पाणी भरायला तेवढी मी येत जाईन.”

बाहेरच्या सोफ्यावरून दिरांचं हसू ऐकू आलं. मीही हसले. पण तिने काही लपवलं नव्हतं, हे कळल्यानंतर हेवा कमी झाला नाही. त्याचा आधार तेवढा गेला आणि तो उघडा पडला. कष्टाने मिळवलेल्याचा हेवा माणूस कष्ट करून फेडू शकतो. जिला काही ठाऊक नसताना, केवळ नवऱ्याला दुपारी गारव्यात झोप लागते म्हणून अंधार प्रसन्न झाला, तिचं काय करायचं?

चित्रं धुऊन वाळत घातली. तिचं आणि माझं, दोन काळे, भरलेले चेहरे शेजारी शेजारी. कुंचल्याच्या कडा वेगळ्या होत्या; माझ्या कडा मोकळ्या, तिने पट्टी लावून सरळ ठेवलेल्या. बाकी फरक सांगता आला नसता. तेव्हा ती चहा ओतता ओतता म्हणाली, “माझं लागलं भिंतीवर तर मला बरं वाटेल हं, ताई. गावच्या घरात सगळं तुमच्या हातचं आहे. तोरण तुमचं, देव्हाऱ्यातला रुमाल तुमचा, नणंदांची बाळंतपणंसुद्धा तुम्ही केलेली. माझं तिथे काहीच नाही.”

ती हसत बोलली म्हणून मी ते हसण्यावारी नेलं. “अक्का ठरवतील,” मी म्हणाले. मनात मात्र म्हणत होते की माझ्या मोकळ्या कडा अक्कांना नक्की आवडतील.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गावी गेलो. चित्रं पुठ्ठ्याच्या पाकिटात घातली होती. गाडीत ती वाकू नयेत म्हणून मी जळगावहून आणलेलं माझं फिकट चित्र, जाड कागदाचं, तळाला घातलं. पाकीट ताठ राहिलं.

अक्का ओट्यावर मटकीतले खडे निवडत होत्या. त्यांनी हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि आधी धाकटीचं चित्र घेतलं, मग माझं. बराच वेळ पाहिलं. शेजारची एक म्हातारी येऊन टेकली होती, तिलाही दाखवलं.

“धाकलीनं बी चांगलं करं,” अक्का म्हणाल्या. “मोठीनं बी.” मग चित्र जरा लांब धरून म्हणाल्या, “पन बठ्ठं काळं काळं शे.”

“ते तसंच लागतं, अक्का,” मी म्हणाले. “तीच तर त्यातली खोली आहे.”

“खोली ऱ्हावू दे. पाकिटमा अजून काय शे ते दखाड.”

“ते बिघडलेलं आहे.”

“दखाड त खरं.”

मी तळाचा कागद काढून दिला. अक्कांनी तो घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. बोट त्यांनी गालावरून फिरवलं, कागदावरच्या गालावरून, जिथे काळ्या सावलीऐवजी नुसती राख होती.

“हाई काय बिघडेल शे? आठे त मी गोरी दिसस.”

शेजारच्या म्हातारीने मान वाकवून पाहिलं. “खरंच वं माय. गोरीपान.”

“माले लगीनमा बठ्ठा काळी काळी म्हनेत,” अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज तक्रारीचा नव्हता. पावसाळा कधी आला होता ते सांगावं तसा होता. “आबाबी म्हनेत. आते भितवर तरी गोरी ऱ्हासू.” आणि चित्र छातीशी धरून त्यांनी विचारलं, “हाई कोनी करं?”

“मी,” मी म्हणाले.

“मंग हाईच लावा.”

मी काय सांगणार होते? की यात काळा नाही, की लुगडं मळलं आहे, की कुणी जाणकार आला तर पहिल्या नजरेत हसेल? की आबांच्या अंगातल्या कोटासारखंच हेही खोटं आहे? त्यांच्या तोंडावर जे उमटलं होतं ते मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्यामुळे उमटलं होतं. मला हवं होतं ते मिळालं होतं. माझं बिघडलेलं चित्र त्या घरात पिढ्यानपिढ्या राहील, आणि येणाराजाणारा विचारील तेव्हा मोठ्या सुनेने केलं म्हणून सांगितलं जाईल. मला लाज वाटत होती आणि त्या लाजेच्या खाली, गोड, गरम, न लपणारा आनंद होता. धाकटीकडे बघायचं मी टाळलं, कारण तो तिला दिसला असता.

अक्का चित्र घेऊन आत गेल्या. कुठे लावायचं ते भिंतीला विचारायला गेल्यासारख्या. शेजारची म्हातारी त्यांच्या मागे गेली. ओट्यावर आम्ही दोघीच राहिलो. मी मटकी निवडायचं सूप पुढे ओढलं आणि उगाच खडे शोधू लागले. धाकटीने आपलं चित्र उचललं, उजेडाकडे धरलं, सरळ कडांवरून अंगठा फिरवला आणि पाकिटात सरकवलं. पाकीट आता मधोमध वाकलं. ते तिने गुडघ्यावर ठेवून तळहाताने सपाट केलं, पुन्हा केलं, आणि मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या उन्हाळाभर जी नजर माझ्या डोळ्यांत असेल, ती मी पहिल्यांदा दुसऱ्याच्या डोळ्यांत पाहत होते.

“मुद्दाम घातलंत ते पाकिटात?”